शेकानंतरचे दात आणि विम्याचा दावा

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर रेडिएशन, म्हणजे शेक, बहुधा आठवड्याचे पाच दिवस असा सहा-सात आठवडे चालतो. गाठीबरोबर लाळेच्या ग्रंथीही होरपळतात. लाळ आटली की दातांची राखण गेली. घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. काही महिन्यांत दात हिरडीलगत काळे पडतात आणि वरून धड दिसणारा दात भाकरी चावताना मोडून हातात येतो. असा दात उपटणंही सोपं नाही. जबड्याच्या हाडाला रक्त कमी पडतं, जखम भरत नाही, हाड उघडं पडून कुजतं. खालच्या जबड्यात हे जास्त, आणि हा धोका वर्षं उलटली तरी टळत नाही.

नुकसान असं उशिरा होतं, आणि दावा तिथेच अडतो. 2020 पासून मिळणाऱ्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत आजारामुळे किंवा इजेमुळे करावे लागणारे दातांचे उपचार मान्य आहेत, पण रुग्ण भरती असेल तर. डिस्चार्जनंतरचा खर्च मिळतो 60 दिवसांपुरता. दात किडतात त्याच्या कितीतरी नंतर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. शेक त्यात बसतो. एरवीचं दात भरणं, रूट कॅनॉल बसत नाही. जबड्याच्या हाडावर भरती होऊन शस्त्रक्रिया करायची असेल, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी.

खरी मेख आहे शेकाआधीच्या दिवसांत. धाराशिव जिल्ह्यातल्या तामलवाडीचा रुग्ण सोलापूर गाठतो, नाहीतर बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय. तिथे पहिला शेक बसण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. काढायचे दात शक्यतो दोन-तीन आठवडे आधी काढावेत, म्हणजे जखम भरते. आणि ओपीजी काढावी, ओपीजी. सगळ्या जबड्याचा हा एकच एक्स-रे. कोपऱ्यात नाव आणि तारीख असलेली ती फिल्म सांगते, की शेकाआधी दात कसे होते. पुढे विमा कंपनी म्हणते, दात आधीच किडलेले होते. तेव्हा उत्तर द्यायला हीच फिल्म लागते. पण डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत जपलं जातं आणि एक्स-रेची फिल्म पोरं ग्रहण बघायला कापतात! ओपीजी ट्रंकेतच ठेवावी. शेक संपल्यावर मिश्रीची डबी मात्र पुन्हा उघडू नये.

दाव्याच्या कागदावर नुसतं ‘दात किडले’ लिहिलं तर तो नेहमीचा दंतोपचार ठरतो. शेक देणाऱ्या डॉक्टरांचं पत्र हवं: शेक कधीपासून कधीपर्यंत, मात्रा किती ग्रे, जबडा किरणांच्या टप्प्यात होता का, आणि आताची इजा त्यामुळेच झाली का. भरती का लागते, हे दातांच्या डॉक्टरांनी लिहावं.

नकार आला तर तो लेखी, कलमासकट मागावा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहावं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जावं. धाराशिव जिल्ह्यासाठी कार्यालय पुण्याला आहे. वर्षाची मुदत आहे, फी नाही, वकील लागत नाही.

फ्लोराइडची जेल आणि कवळी यांचा खर्च बहुतेक वेळा घरचाच. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय खासगी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतं.