इलेक्ट्रॉनांचा दुरावा आणि ओढ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त तात्यापारा येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या व्यासपीठावर नाट्य, संगीत आणि संतवाङ्मय यांना मानाचे स्थान आहे. त्याच पंक्तीला आज आम्ही इलेक्ट्रॉनाला बसवीत आहोत. बाहेर हिंदी आणि शाळेत बहुधा इंग्रजी, अशा वातावरणात वाढणाऱ्या आपल्या मुलांशी पदार्थविज्ञानही मायबोलीतून बोलता येते की नाही, याचा हा पडताळा समजावा.

प्रश्न साधा आहे. दोन इलेक्ट्रॉन शेजारी शेजारी एकाच दिशेने धावत असतील, तर ते परस्परांना ओढतील की लोटतील?

दोघांवरही ऋण विद्युतभार असल्यामुळे विद्युत बल त्यांना दूर लोटते. त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाहून हे बल सुमारे ४ वर ४२ शून्ये इतके पट मोठे असते. परंतु धावता विद्युतभार म्हणजेच विद्युतप्रवाह. आणि एकाच दिशेने वाहणारे दोन समांतर प्रवाह परस्परांना आकर्षितात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आंपेअर यांनी १८२० साली दाखविले. तेव्हा दुरावा खरा की ओढ खरी?

दोन्ही खरी, पण समसमान नव्हेत. इलेक्ट्रॉनाच्या वेगाला प्रकाशाच्या वेगाने भागून त्या भागाकाराचा वर्ग करावा. चुंबकीय ओढ विद्युत बलाच्या तेवढाच अंश असते. प्रकाशाच्या निम्म्या वेगाने धावणाऱ्यांत ती केवळ एक चतुर्थांश. प्रकाशाचा वेग इलेक्ट्रॉनाला कधीच गाठता येत नाही, म्हणून दोघे एकटे असताना विजय नेहमी दुराव्याचाच. त्यांच्याबरोबर त्याच वेगाने धावणाऱ्या निरीक्षकाला तर चुंबकीय बल मुळीच आढळणार नाही. ही दोन बले एकाच वस्तूची दोन दर्शने आहेत, ही दृष्टी आइन्स्टाइन यांच्या १९०५ सालच्या निबंधाने स्पष्ट झाली.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या वर्तुळाकार यंत्रात इलेक्ट्रॉनांना २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतात. त्या वेगाला ओढ दुराव्याच्या इतकी जवळ पोहोचते, की शेजाऱ्यांतील दुरावा सुमारे २ कोटी ४० लाखांत १ भाग एवढाच उरतो.

याउलट घरातील तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाएवढेच पुढे सरकतात. तेथे ओढ विद्युत बलाच्या मानाने नगण्य. तरीही तारा आकर्षिल्या जातात, कारण धातूतील धन विद्युतभार इलेक्ट्रॉनांच्या ऋण विद्युतभाराचा तोल साधतो. प्रचंड दुरावा असा फिटला, की असंख्य इलेक्ट्रॉनांची क्षीण ओढ एकत्र येऊन प्रकट होते. उन्हाळ्यात आपल्या डोक्यावरचा पंखा फिरतो तो चुंबकीय बलानेच. रायपूरच्या आसपास अतिउच्च दाबाच्या वाहिन्या पाहाव्यात: एकाच फेजच्या जोडतारांमध्ये ठरावीक अंतरावर आडवे तुकडे बसविलेले असतात. त्यांना स्पेसर म्हणतात. वाऱ्यात ते तारांना आदळू देत नाहीत. शिवाय शॉर्टसर्किट होऊन प्रवाह एकाएकी वाढला आणि तारा एकमेकींकडे झेपावू लागल्या, तरी ते अंतर राखतात.

श्रोतेहो, जी भाषा केवळ आरतीपुरती आणि पंक्तीतील आग्रहापुरती उरते, ती पुढच्या पिढीत आक्रसत जाते. मुलांनी उद्या पंख्याकडे बोट दाखवून ‘हा का फिरतो?’ असे विचारले, तर उत्तर मराठीतून द्यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.