सही करण्याआधी वकील



तलाकच्या बैठकीत मेहर आणि इद्दतचा खर्च ठरतो, मग बहिणीपुढे कागद सरकतो: ‘यापुढे काही मागणार नाही.’ तिला सांगा, सही करू नकोस. आधी वकील गाठू. २००१च्या डॅनियल लतीफी निकालानुसार पतीने तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूदही इद्दतच्या काळातच करायची असते. मुलांचा खर्च त्याहून वेगळा.

वकिलाचे पैसे? १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले आणि पतीच्या कमाईचे पुरावे सोबत घ्या.

आणि त्या दिवशी तिला एकटी पाठवू नका. रजा टाकून सोबत जा.