सांध्याचे आवरण

घरातील विजेचा धोका अखंड तारेत क्वचितच असतो; तो बहुधा दोन तारा जेथे जोडल्या जातात, त्या सांध्यात दडलेला असतो. सांध्यावर गुंडाळलेल्या चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो, पट्टी सुटते आणि २३० व्होल्टची तार उघडी पडते.

उष्णतेने आकसणारी नळी हा यावरील चांगला उपाय होय. किरणोत्सर्गाने पॉलिथिलीनच्या रेणुशृंखला एकमेकींशी जखडल्या जातात, हे आर्थर चार्ल्सबी यांनी १९५२ मध्ये मांडले. अशा पदार्थाची नळी तापवून फुगविली व तशीच थंड केली, तर ती फुगलेली राहते. पुन्हा तापविताच मूळ आकाराकडे परतते. निम्म्यावर येणारी ६ मिलिमीटरची नळी ३ मिलिमीटरपर्यंत आकसते.

साधने थोडीच लागतात: योग्य मापाची नळी, कात्री, तार सोलण्याची पक्कड, टेस्टर आणि हीट गन. काडीच्या ज्योतीने नळी करपते. प्रथम मेन स्विच बंद करून तारेत प्रवाह नसल्याची खात्री करावी. सांधा करण्यापूर्वीच नळी तारेवर सरकवून ठेवावी. मागाहून ती चढत नाही. दोन्हीकडील अखंड आवरणावर ती किमान १ सेंटिमीटर यावी. उष्णता मध्यापासून टोकांकडे द्यावी.

तथापि नळी सांधा झाकते, घट्ट करीत नाही. सैल सांधा आत तापतच राहतो, आणि सुबक आवरणामुळे तो दिसतही नाही. म्हणून सांधा आधी ओढून पारखावा, आवरण त्यानंतर.