डोमेन कोणाच्या नावावर?



डोमेन नोंदणीची माहिती देणारी आपली वेबसाइट तयार आहे. आता ती लोकांना दाखवायची. ‘कशी वाटली?’ विचारलंत, तर मुंब्र्यापासून कल्याणपर्यंत सगळे ‘छान’च म्हणतील. त्यापेक्षा मोबाइल हातात द्या आणि विचारा, ‘हे वाचून सांगा, मशीद ट्रस्टचं डोमेन कोणाच्या नावावर हवं?’ मग गप्प बसून पाहा. वाचणारा अडेल तिथे आपलं लिखाण कच्चं.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी नोंदवता येतं. नोंदणी वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल आणि तो फोन उचलेना, तर वर्षांची ओळख हातची जाते.

देवनागरीत ‘.भारत’ 2014 पासून मिळतं. तेही ट्रस्टींना समजेल, अशा मराठीत सांगा.