अँटेनावरचा टीव्ही आणि आपण
(गरौठा, जि. झाशी येथील भाषण)



मऊरानीपूरला गाडीतून उतरून आम्ही रस्त्याने येथे आलो. हा मुलूख आपल्याला परका नाही. शेजारच्या गुरसरायची जहागीर मराठी घराण्याची, आणि झाशी विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेतच होता.

विषय आहे हवेतून येणाऱ्या डिजिटल टीव्हीचा. पोस्टातल्या जुन्या साथींना आठवत असेल, १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ-टीव्हीच्या लायसन्सचे पैसे आपल्याच खिडकीवर भरले जात. पुढे ते लायसन्स गेले. अँटेना उभारला की चित्र फुकट, असा तो काळ होता.

आता हाय डेफिनिशन पाहा. एका चित्रात २० लाखांहून अधिक ठिपके आणि सेकंदाला २५ किंवा ३० चित्रे. हे जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे १५० कोटी बिट लागतात. अमेरिकेत टीव्हीच्या एका चॅनलला ६ मेगाहर्ट्झची जागा असते आणि त्यात मावतात जेमतेम १ कोटी ९४ लाख. म्हणजे पाऊणशे डब्यांचा माल एका डब्यात भरायचा! जपानने अॅनालॉग पद्धतीने खटपट केली, पण ती मागे पडली. अमेरिकेत १९९० साली संपूर्ण डिजिटल योजना पुढे आली व १९९६ मध्ये तिला मान्यता मिळाली. युक्ती साधी आहे. मागच्या चित्रातले जे बदलले तेवढेच पाठवायचे आणि डोळ्याला न जाणवणारा बारकावा गाळायचा. या गाळणीमागचे गणित बंगळूरचे नासिर अहमद यांनी नटराजन व राव या सहकाऱ्यांसह १९७४ साली मांडले. परदेशी यंत्रांचे गोडवे गाणाऱ्यांना हे जरूर सांगा.

एक खोट आहे. अॅनालॉगमध्ये सिग्नल क्षीण झाला तरी मुंग्यांतून बातम्या दिसत. डिजिटल चित्र एकतर स्वच्छ, नाहीतर पडदा काळा.

आपल्याकडे काय झाले? फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण जाहीर केले. त्यात मुंबई, औरंगाबाद, लखनौ होते, झाशी नव्हती. २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक सोडून अॅनालॉग ट्रान्समीटर बंद झाले. म्हणजे गरौठ्यासारख्या गावांचे जुने गेले आणि हवेतले नवे आलेच नाही. उरली ती छत्री. फ्री डिशला मासिक भाडे नाही हे खरे, पण छत्री व पेटी पदरमोड करूनच घ्यावी लागते.

मोकळ्या झालेल्या लहरींनाही मोल असते. जगात अनेक देशांत टीव्हीकडे असलेल्या ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले ५ मेगाहर्ट्झ जून २०२१ मध्ये केंद्राने रेल्वेला दिले, गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी. लोको पायलटशी अखंड संपर्क राहावा ही आपलीही मागणी, म्हणून आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र त्याच पट्ट्यातल्या बाकीच्या लहरी लिलावात निघतात. त्या पैशातून खेड्यांत डिजिटल ट्रान्समीटर का उभे राहू नयेत? आणि बंद केंद्रांवरच्या तंत्रज्ञांना नवे शिक्षण व जवळची बदली मिळाली का, हे त्यांच्या संघटनेला विचारून येत्या बैठकीत मांडावे, अशी आमची सूचना आहे.