पेशीचे दरवाजे

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचें औरंगाबाद, हें बावन्न दरवाज्यांचें शहर म्हणून प्रसिद्ध आहे. जुना तट आज बहुतेक ढासळला आहे. परंतु मलिक अंबरनें उभारलेला भडकल दरवाजा, तसेच मकई, पैठण, रोशन हे दरवाजे अद्याप उभे आहेत. तटानें शत्रूस अडवावें हें खरें. पण शहर जगतें तें दरवाज्यांवर. धान्य आंत यावें, माल बाहेर जावा आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर पहारा राहावा, हें काम दरवाज्यांचें. मनुष्यदेह ज्या असंख्य पेशींचा बनला आहे, त्यांतील प्रत्येक पेशी हें असेंच एक तटबंदीचें नगर आहे.

या नगराचा तट म्हणजे पेशीपटल. अशीं दहा हजार पटलें एकावर एक ठेवलीं, तर जेमतेम कागदाच्या एका पानाएवढी जाडी भरेल. १९२५ सालीं गोर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनीं रक्तांतील तांबड्या पेशींमधील स्निग्ध द्रव्य काढून पाण्यावर पसरलें. तें पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारें दुप्पट जागा व्यापतें, असें त्यांस आढळलें. यावरून पटलांत स्निग्ध रेणूंचे दोन थर असले पाहिजेत, असें अनुमान त्यांनीं काढलें. या रेणूंचें एक टोक पाण्याकडे ओढ घेतें. शेपट्या मात्र पाणी टाळून दोन थरांच्या मध्यें दडून राहतात. तेलांत मीठ किंवा साखर विरघळत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्याच कारणानें मीठ आणि साखर यांस या तटांतून सहज पार होतां येत नाहीं. त्यांना दरवाजाच लागतो.

हे दरवाजे म्हणजे पटलांत रोवलेलीं प्रथिनें. तट मात्र दगडी नव्हे. प्रथिनें त्या स्निग्ध थरांत तरंगत सरकूं शकतात, अशी कल्पना सिंगर आणि निकोल्सन यांनीं १९७२ सालीं मांडली. यांतील एक दरवाजा अहोरात्र राबतो. तो सोडियमचे तीन कण पेशीबाहेर काढतो आणि पोटॅशियमचे दोन कण आंत घेतो. १९५७ सालीं त्याचा शोध लावणारे डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांस १९९७ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

या राबण्यामुळें पेशीच्या आंत सोडियम उणें पडतें आणि बाहेर दाटतें. त्याचा उपयोग काय, हें समजण्यास याच शहरांतील पाणचक्की आठवावी. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ दूरच्या झऱ्याचें पाणी नळांनीं आणून उंचावरून सोडलें जाई, आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर जातें फिरे. आंतड्याच्या पेशींतही बाहेर दाटलेलें सोडियम आंत शिरण्यास धांव घेतें, आणि त्या ओघाबरोबर ग्लुकोज आंत ओढलें जातें. येथील एक दरवाजा जोडीनेंच उघडतो: सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक. ही जोडी आंत गेली कीं पाणीही मागोमाग जातें.

या एका दरवाज्यावर लक्षावधि प्राण अवलंबून आहेत. पटकीचें विष आंतड्यावर कसें काम करतें, हें कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलें. तें विष पेशींतील क्षार बाहेर सोडणारे दरवाजे सताड उघडे ठेवतें. क्षारामागें पाणी वाहतें आणि रोगी कांहीं तासांत सुकून जातो. परंतु मीठ-साखरेचा जोडदरवाजा या विषास बंद करतां येत नाहीं. १९७१ सालीं बंगालमधील बनगांव येथील निर्वासितांत पटकीची सांथ पसरली आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ आणि ग्लुकोज यांचें पाणी तोंडावाटे पाजविलें. जेथें शेंकडा वीस ते तीस रोगी दगावत, तेथें हें प्रमाण शेंकडा चाराच्याही खालीं आलें.

त्यालाच आज जलसंजीवनी म्हणतात. मराठवाड्यांत उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई, आणि पहिल्या पावसांत विहिरीओढ्यांस गढूळ लोंढे; अशा दिवसांत लहान मुलांस जुलाब लागणें नवें नाहीं. तयार पुडी जवळ नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावें. साखर पोटांत फुटून तिच्यांतून ग्लुकोज मिळतें. माप मात्र वाढवूं नये. अधिक साखर उलट आंतड्यांत पाणी ओढते आणि अधिक मीठ मुलास घातक ठरतें. अंगावरचें दूध बंद करूं नये. मूल सुस्त पडलें, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर विलंब न लावतां दवाखाना गांठावा. जुलाब झाले कीं पाणी तोडावयाचें, हा जुना समज सोडला पाहिजे; कारण रोगाच्या ऐन भरांतही तो एक दरवाजा उघडाच असतो.