इर्जिक आणि औषध

इर्जिक हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. एखाद्याची नांगरट अडली, की शेजारीपाजारी आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरतात आणि आठवड्याचे काम दिवसात उरकते. औषधाच्या शोधासाठीही इर्जिक घालता येते. तिथे औतांच्या जागी असतात लोकांच्या घरचे संगणक.

गोष्ट जपानमधली आहे. तिथल्या चिबा कर्करोग केंद्रातले डॉ. अकिरा नाकागावारा न्यूरोब्लास्टोमावर संशोधन करीत होते. हा लहान मुलांचा कर्करोग. बहुतेक करून पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना गाठतो. पसरल्यावर ध्यानात आला, तर पोर हाती लागणे कठीण. रोगी थोडे, म्हणून औषधकंपन्यांनाही त्यात फारसा नफा दिसत नाही. शेजाऱ्यांची गरज पडते ती अशाच ठिकाणी.

या रोगाच्या पेशींना ‘वाढा, वाढा’ असा इशारा देणारी काही प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे नुसती डाळीतली, दुधातली वस्तू नव्हे बरे का! त्याच्या रेणूला ठरावीक आकार असतो, खाचाखोचा असतात. त्या खाचेत नेमका बसणारा दुसरा रेणू सापडला, तर इशारा बंद पाडता येतो.

पण तपासायची संयुगे होती ३० लाख! एकेक प्रयोगशाळेत आणून पाहायचे म्हटले, तर जन्म पुरायचा नाही. तेव्हा ती संगणकावर आकडेमोडीनेच बसवून पाहायची. अशी फिरवून, तशी वळवून. हेही एकदोन संगणकांना झेपणारे नव्हते. आय.बी.एम. कंपनीने २००४ साली वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड नावाची व्यवस्था सुरू केली होती. तिच्यामार्फत २००९ पासून हे काम जगभरच्या स्वयंसेवकांत वाटले गेले. कामाचे लहानसे पुडके इंटरनेटवरून घरच्या संगणकावर यायचे. मालक जेवायला उठला, की यंत्र गणित सोडवायचे आणि उत्तर परत जायचे. मालकाला रसायनशास्त्राचा गंध नसला तरी चालत असे.

निवडलेली संयुगे मग खऱ्या पेशींवर आणि उंदरांवर तपासली. २०१४ साली निष्कर्ष बाहेर आला. ३० लाखांतून उरली सात. त्यांनी कर्करोगाच्या पेशी मारल्या, आणि उंदरांत ठळक दुष्परिणाम दिसला नाही.

एवढा आटापिटा सातांसाठी? मला तर या सातांचे मोल फार वाटते. पण ही काही तयार औषधे नव्हेत. उंदरापासून रोग्याच्या खाटेपर्यंतची वाट वर्षानुवर्षांची असते. पुष्कळशी संयुगे वाटेतच गळतात. संगणकांनी केले ते पाखडण्याचे काम. दळण-कांडण पुढेच असते.

शाळेतल्या संगणकावर कुणा शिक्षकाला असले काम घ्यायचे असेल, तर बॉइंक नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. यंत्राने केव्हा आणि किती राबायचे, हे त्यात ठरवून देता येते. वीज मात्र फुकट नाही. पूर्ण ताकदीने चालणारा संगणक ती जास्त खातो, तापतोही. तेव्हा आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, उन्हाळ्यात हात आखडता ठेवावा, आणि जुना, धापा टाकणारा लॅपटॉप या औताला जुंपू नये.